मेंदी लावलेल्या काळ्या केसांवर घरी हायलाइट्स: आधी एक बट तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. केस काळे, छातीपर्यंत. 4 वर्षं दर महिन्याला मेंदी लावत होतात, 8 महिन्यांपूर्वी थांबवलीत. 2 महिन्यांपूर्वी खोक्यातला ‘हनी ब्लाँड’ रंग लावला. खाली टोकांकडे काहीच फरक पडला नाही आणि वरचा भाग मात्र विटकरी झाला. आता चेहऱ्याभोवती हायलाइट्स हवेत, पार्लरचा खर्च झेपत नाही, तर ब्लीच आणि 40 व्हॉल्यूमचा डेव्हलपर (ब्लीच पावडर कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण; व्हॉल्यूम म्हणजे त्याची ताकद) आणून घरीच करावं का?

घरी करता येतील. पण 40 अजिबात नको, आणि एका कापलेल्या बटेवर चाचणी झाल्याशिवाय काहीच नको.

डेव्हलपर किती ताकदीचा हवा, हा प्रश्न नंतरचा. तुमच्या केसांत आधीपासून काय काय साठलंय, हे आधी बघायला हवं. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे मेंदी थांबवल्यापासून 8 ते 10 सेंटीमीटर नवे केस आलेत. त्यातले अगदी मुळाजवळचे 2 ते अडीच सेंटीमीटर रंगानंतर उगवलेले, कोरे काळे. त्याखालचा 6-7 सेंटीमीटरचा पट्टा खोक्यातल्या रंगाने थोडा उतरलेला, तोच विटकरी दिसतोय. आणि तिथून टोकापर्यंत मेंदीचे थरावर थर. एकाच केसावर तीन वेगळे प्रदेश आहेत आणि तिघांचा वेग वेगळा आहे. खिडकीजवळ उजेडात एक बट सरळ धरून पाहा, दोन्ही सांधे स्पष्ट दिसतील. पट्टीने मोजून लिहून ठेवा.

टोकांवर रंग का चढला नाही, तेही यातूनच कळतं. रंगाने रंग उतरत नाही. खोक्यातल्या रंगात जो थोडा अमोनिया आणि पेरॉक्साइड असतो, तो केसाचं मूळचं रंगद्रव्य दोन-तीन पायऱ्या हलवतो, बस. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसाच्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतं, त्याला हा रंग हलवू शकत नाही. मुळाकडे केस कोरे होते, शिवाय डोक्याची ऊब होती, म्हणून तिथेच काम झालं.

विटकरी रंग आला, यात तुमचं काही चुकलं नाही. केसांच्या रंगाच्या 1 ते 10 पायऱ्या मानतात: 1 म्हणजे काळा, 10 म्हणजे सर्वांत फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस 1 ते 3 मध्ये येतात. रंगद्रव्य उतरवत गेलं की आधी गडद लाल दिसतो, मग लाल-केशरी, मग केशरी (ही साधारण 6वी पायरी), मग सोनेरी-केशरी, मग पिवळा, आणि सर्वांत शेवटी केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. काळं-तपकिरी द्रव्य लवकर फुटतं, लाल-पिवळं चिवट असतं, म्हणून हाच क्रम. काळा केस केशरीवरून गेल्याशिवाय पिवळ्यापर्यंत पोचतच नाही. खोक्यावरच्या फोटोतली मुलगी 8व्या पायरीवर आहे. तिथे तुमचे केस साध्या रंगाने जाणार नव्हते, आणि एका बसणीत ब्लीचनेही जाणार नाहीत.

म्हणून ध्येय बदला. गोरा सोनेरी रंग डोळ्यांसमोरून काढा. काकवीपासून गुळापर्यंतच्या छटा, म्हणजे 5वी ते 7वी पायरी, तुमच्या केसांवर एका वेळेत, केस न तुटता मिळू शकतात. काळ्या केसांत आणि आपल्या वर्णाला या छटा शोभतातही. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा घरी करणाऱ्याने 6व्या पायरीपुढे हाव धरू नये.

आता 40 बद्दल. 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12 टक्के. लोकांना वाटतं, 40 घेतला की 20 च्या दुप्पट उजळ होईल. तसं होत नाही. ब्लीच पावडर स्वतःच इतकी जोरकस असते की 20 वरही ती पुरेशी पुढे जाते, फक्त सावकाश. 40 मध्ये केसाची वरची खवल्यांची परत झपाट्याने फुगते, ब्लीच लावलेली बट ज्या ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळतात त्या फॉइलमध्ये उष्णता वाढते आणि तुम्ही डावीकडची शेवटची फॉइल घडी करेपर्यंत पहिली हाताबाहेर गेलेली असते. स्वतःच्या डोक्यावर काम करताना हात मुळातच हळू चालतो. सावकाश चालणारं मिश्रण तुम्हाला उघडून बघायला वेळ देतं. म्हणून 20 व्हॉल्यूम, 6 टक्के.

चाचणी टाळू नका, कारण तुमची मेंदी नेमकी कोणती होती हे तुम्ही लिहिलेलं नाही. निव्वळ पानांची पूड असेल तर ब्लीच चालतं, पण संथ, आणि खाली केशरी हट्टाने उरतो. ‘काळी मेंदी’ असेल तर त्यात बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग असतो. तो ठिगळाठिगळाने उतरतो. मेंदीत नीळ (इंडिगोच्या पानांची पूड) मिसळलेली असेल तर बट हिरवट होऊ शकते. सर्वांत धोक्याचं म्हणजे धातूंचे क्षार मिसळलेली मेंदी. पेरॉक्साइड लागताच केस गरम होतो, वाफ येते, तो वितळल्यासारखा तुटतो. आणखी एक आपल्या घरातली गोष्ट: मेंदी रात्रभर लोखंडी कढईत भिजवायची पद्धत. त्या मेंदीत लोहाचा अंश उतरतो आणि लोहाच्या संपर्कात पेरॉक्साइड भराभर फुटतं. कढईतली मेंदी लावत असाल तर चाचणी दुप्पट गरजेची.

चाचणी अशी करा. मानेच्या वर, आतल्या बाजूने 20-25 केसांची बारीक बट मुळाजवळून कापा, म्हणजे तिन्ही प्रदेश तिच्यात येतील. वरचं टोक दोऱ्याने बांधा. प्लास्टिकच्या वाटीत 5 ग्रॅम ब्लीच पावडर आणि 10 मिलीलिटर 20 चा डेव्हलपर कालवा, बट त्यात पूर्ण बुडवा आणि 45 मिनिटं उघड्या खिडकीजवळ ठेवा. दर 10 मिनिटांनी वाटीला बाहेरून हात लावा. वाटी तापली, मिश्रण फसफसलं, वाफ किंवा विचित्र वास आला, केस हिरवट झाले, तर थांबा. त्या केसांवर ब्लीच करायचंच नाही. तसं काही झालं नाही तर बट धुऊन ओली असतानाच हलकी ताणा. चांगला केस थोडा लांबतो आणि परत जागेवर येतो. च्युइंगमसारखा लांबत राहिला तर तो तुमच्या केसांचा नकार समजा. शेवटी बट वाळवून पांढऱ्या कागदावर ठेवा: टोनर, म्हणजे ब्लीचनंतर उरलेला भडक केशरी-पिवळा मारणारा हलका रंग, लावण्याआधी तुमचे हायलाइट्स कसे दिसणार आहेत, ते समोर आहे. तिन्ही प्रदेश किती मिनिटांत कुठल्या रंगाला पोचले ते लिहून ठेवा. पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर बसवायचं.

त्वचेची चाचणी वेगळी. ब्लीचचा आणि टोनरचा एकेक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला, 48 तास आधी. ब्लीचचा ठिपका काही मिनिटांतच धुवा, टोनरसाठी त्याच्या पाकिटावरची सूचना पाळा, आणि जागेवर 48 तास नजर ठेवा. पूर्वी काळ्या मेंदीने किंवा डायने खाज, सूज आली असेल तर टोनरही त्रास देऊ शकतो. दमा असेल तर ब्लीच पावडरमधली पर्सल्फेट्स ही रसायनं तो उसळवू शकतात. आणि केसांचं रिबाँडिंग किंवा स्मूदनिंग झालेलं असेल तर घरी ब्लीच करूच नका, ते केस आतून आधीच मोडून जोडलेले असतात. डोक्यात जखम, पुरळ, खरचटलेलं असेल तर ते भरेपर्यंत थांबा.

चाचणी पास झाली असं धरून पुढे सांगते.

सामान: केसांची ब्लीच पावडर (चेहऱ्याला लावायची ब्लीच क्रीम नव्हे, दुकानात नुसतं ‘ब्लीच’ मागितलं तर हमखास तीच हातात देतात), 20 चा डेव्हलपर, प्लास्टिकचा बाऊल, रंगाचा ब्रश, लांब दांड्याचा शेपटीवाला कंगवा, हातमोजे, क्लिपा, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, व्हॅसलीन, जुना टॉवेल. पोळ्या गुंडाळायची फॉइल चालते. तिच्या 12 सेंटीमीटर रुंद आणि 35-40 सेंटीमीटर लांब अशा 8 पट्ट्या कापा आणि प्रत्येकीची वरची कड 1 सेंटीमीटर दुमडा. ती कड कंगव्याच्या दांड्यावर धरायला ताठ राहते आणि कपाळाला कापत नाही. धातूचं भांडं घेऊ नका, आणि उरलेलं मिश्रण झाकणबंद बाटलीत कधीही ठेवू नका. वायू साठून बाटली फुटते.

केस आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण कोरडे असावेत. आदल्या रात्री खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला तरी चालेल, केसातलं प्रथिन कमी झिजायला त्याची मदत होते. पण निथळतं तेल नको, फॉइल घसरते.

किती फॉइल? भांगाच्या दोन्ही बाजूंना 4-4. चेहऱ्याभोवतीच्या उजेडासाठी तेवढ्या पुरतात, आणि त्या सगळ्या तुम्हाला आरशात दिसतात. मागच्या केसांना हात घालू नका. न दिसणाऱ्या जागीच डाग पडतात.

दोन्ही बाजूंसाठी एकदम मिश्रण कालवू नका. एका बाजूला 20 ग्रॅम पावडर आणि 30 मिलीलिटर डेव्हलपर, दुसऱ्या बाजूला हात घालताना पुन्हा ताजं तेवढंच. अर्ध्या तासाने कालवलेल्याचा जोर उतरायला लागतो. पाकिटावर बहुधा 1 ला 2 असं प्रमाण असतं. फॉइलसाठी 1 ला दीड बरं, कारण मिश्रण श्रीखंडासारखं ब्रशला धरून राहायला हवं. फेटलेल्या दह्यासारखं पातळ झालं की ते फॉइलमध्ये फुगून वर सरकतं आणि मुळाशी पिवळे ठिपके पडतात. घरी केलेल्या कामात हीच खोड सर्वांत जास्त दिसते आणि तीच दुरुस्त करायला सर्वांत अवघड.

त्यासाठी, आणि तुमच्या केसांचा विचार करूनही, माझा सल्ला आहे की मुळाजवळचे 3 सेंटीमीटर मोकळे सोडा. तो कोरा काळा भाग डोक्याच्या उबेने सर्वांत आधी उजळतो आणि खालच्यापेक्षा फिकट पट्टा दिसतो. तो सोडला की ही भानगडच राहत नाही, ब्लीच त्वचेला लागत नाही आणि केस वाढले तरी हायलाइट्स विचित्र दिसत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. कपाळाच्या आणि कानाच्या कडेला व्हॅसलीन लावा. कपाळाजवळची अगदी पहिली, लव असलेली ओळ सोडून द्या. कानाच्या बाजूने सुरुवात करून भांगाकडे वर चढत जा. अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर घ्या. तो आडवा ताणून धरा आणि कंगव्याचं टोक त्यातून विणल्यासारखं फिरवा: 2-3 मिलिमीटर वर, तेवढेच खाली. वर आलेले केस फॉइलवर, खाली राहिलेले क्लिपमध्ये. घाईत जाडजूड बटा घेतल्या की झेब्र्यासारखे पट्टे येतात. बारीक विणलं की रंग केसांत मिसळतो. दोन फॉइलमध्ये 1 सेंटीमीटर केस तसेच सोडा.

लावायचा क्रम नेहमीच्या उलटा आहे, तिकडे लक्ष द्या. आधी फक्त मेंदीचा भाग, म्हणजे तुम्ही मोजलेल्या खालच्या सांध्यापासून टोकापर्यंत. केसाच्या दोन्ही बाजूंना भरपूर लावा, केस दिसता कामा नये. फॉइल बंद करा. चारही झाल्यावर 10 ते 15 मिनिटं जाऊ द्या. मग फॉइल उघडून विटकरी पट्ट्यावर लावा, आणि वरची कड सरळ रेघेत न थांबवता ब्रश उभा धरून दोन-तीन फटकाऱ्यांनी विरवत न्या. विटकरी भाग आधीच अर्ध्या वाटेवर आहे, त्याला कमी वेळ पुरतो. दोन्ही एकदम लावलंत तर वर सोनेरी आणि खाली लालच, असं उलटं होईल. दोघांतला नेमका फरक तुमच्या चाचणीच्या बटेने सांगितलेला आहे. तो 10 मिनिटांचा असेल तर 10, 20 चा असेल तर 20.

फॉइल अर्ध्यात दुमडून कडा हलक्या वळवा. वरून दाबू नका, मिश्रण मुळाकडे पळतं. ड्रायर नको, उन्हात बसणं नको. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे असाल तर खोलीची उष्णताच काम वेगाने करवते, तेव्हा पहिली तपासणी 10 मिनिटांनी करा. एरवी 15 मिनिटांनी पहिली, मग दर 5-10 मिनिटांनी. तपासताना मधली एक फॉइल उघडा, ओल्या कापडाने थोडं मिश्रण पुसा आणि बटेमागे पांढरा टिश्यू धरून रंग बघा. मिश्रण अंगावर असताना रंग आहे त्यापेक्षा फिकट भासतो, म्हणून पुसल्याशिवाय ठरवू नका. वाळलेलं ब्लीच काम करत नाही; वाळलं असेल तर थोडं ताजं लावा. पाकिटावर दिलेली कमाल वेळ ओलांडू नका, आणि ती नसेल तर 45 मिनिटं ही शेवटची हद्द धरा. रंग हवा तिथे पोचला नाही तरी त्या दिवशी तिथेच थांबायचं.

धुताना ज्या फॉइल तयार झाल्या त्या आधी, एकेक करून, कोमट पाण्याने. मग सौम्य शाम्पू. चोळू नका, ओला ब्लीच केलेला केस फार नाजूक असतो. टॉवेलने टिपून घ्या.

या टप्प्यावर आरशात पाहून घाबरायला होतं. केस भगवे दिसतील. टोनर अजून लागायचा आहे, हे लक्षात असू द्या.

टोनरमध्ये बहुतेकांचं चुकतं ते जांभळ्या शाम्पूमुळे. जांभळा फक्त पिवळ्याला मारतो. केशरीला मारायला निळा लागतो, लालला हिरवा. 6व्या पायरीच्या केशरी केसाला जांभळा शाम्पू कितीही दिवस लावा, काही होणार नाही. तुम्हाला 6व्या पायरीचा राखाडी-निळ्या झाकेचा टोनर लागेल. पुष्कळ कंपन्यांमध्ये तो 6.1 असतो, पण आकड्यांची पद्धत कंपनीगणिक बदलते, म्हणून पाकिटावर ‘ॲश’ लिहिलंय का ते बघा. प्रमाण पाकिटावर असेल तसं, साधारण 15 ग्रॅमला 30 मिलीलिटर, आणि डेव्हलपर 10 व्हॉल्यूमचाच. 20 वापरला तर आजूबाजूचे काळे केसही तांबूस व्हायला लागतात. दमट केसांवर, फक्त उजळलेल्या बटांवर लावा. दर 5 मिनिटांनी पुसून बघा, केशरीचा भडकपणा गेला आणि गूळ दिसायला लागला की धुवा. 20 मिनिटांच्या पुढे जायची वेळ सहसा येत नाही.

मेंदीचा भाग लालच राहिला असेल, 5व्या पायरीला अडकला असेल, तर राखाडी टोनर लावू नका, तो केस मळकट करतो. त्याऐवजी 5व्या पायरीचा चॉकलेटी किंवा तांबूस-तपकिरी टोनर घ्या. काळ्या केसांत तो काकवीसारखा सुरेख दिसतो. पुढची पायरी 6 आठवड्यांनी.

पाण्याचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यातले क्षार आणि लोह, तांबं केसावर बसतात. त्याने ब्लीच असमान चालतं आणि नंतर रंग लवकर पितळी पडतो. काम करण्याच्या 2-3 दिवस आधी एकदा क्षार काढणाऱ्या कीलेटिंग शाम्पूने केस धुवा. नंतरही शेवटचं पाणी फिल्टरचं घेता आलं तर फरक दिसतो.

पहिले 3 दिवस शाम्पू नको. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, सल्फेट नसलेला, आणि दर वेळी कंडिशनर. निळा शाम्पू 10 दिवसांतून एकदा पुरे. टोनर 4 ते 6 आठवड्यांत विरतो आणि केशरी पुन्हा डोकावतो. तेव्हा फक्त टोनर परत लावा, ब्लीच नको. पोहायला जात असाल तर आधी केस साध्या पाण्याने भिजवून कंडिशनर लावा, म्हणजे तलावाचं पाणी केस कमी पितो. आणि या बटांवर पुन्हा मेंदी लावू नका. छिद्राळ झालेला केस ती दुपटीने धरतो आणि सगळं भडक लाल होतं.

चाचणी नापास झाली तर मेंदीचा भाग वाढून कापला जाईपर्यंत ब्लीचचा विचार सोडा. दर तीन महिन्यांनी 3-4 सेंटीमीटर छाटत गेलात तर केस आखूडही दिसत नाहीत आणि जुनी मेंदी खाली सरकत जाते. तोवर समारंभापुरत्या क्लिपने लावायच्या रंगीत बटा मिळतात.

मेंदीच्या पाकिटावरचे घटक आणि चाचणीच्या बटेचा तिन्ही भागांतला रंग इथे लिहा. त्यावरून टोनरचा आकडा नेमका सांगता येईल.